मोठा कॅमेरा, मंद फिल्म

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, ‘मोठ्या कॅमेऱ्याला वेगवान शीट फिल्म का मिळत नाही’. शीट म्हणजे रोल नव्हे, एकेक सुटा तुकडा; वेगवान म्हणजे कमी उजेडातही चित्र टिपणारी. वेळ अर्धा तास. मी वेळेत संपवीन यावर फक्त आयोजकांचा विश्वास आहे, आमच्या सौ. दाराजवळची खुर्ची धरून बसल्यात.

याच इंदुरात १८७४ च्या सुमारास बांधकाम खात्यातले एक ड्राफ्ट्समन फोटो काढायला लागले. लाला दीनदयाळ. काचेची प्लेट, तिकाटणं, आणि समोर खांबासारखी उभी माणसं. महाराजांना ‘हलू नका’ म्हणायची सोय होती! मला मात्र अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे गिरणी कामगारांचे मिरवणुकीतले देखावे, काढायच्या असतात. गिरण्या बंद पडल्या, झांक्या अजून रात्रभर निघतात. झांकी चौकात थांबते हो, ढोलवाला थांबत नाही.

तर झांक्यांसाठी मी चार बाय पाच इंची फिल्मचा डबा मागवला. ४०० आयएसओ (हा फिल्मचा वेग, आकडा मोठा तेवढी वेगवान), पंचवीस शीट. किंमत सांगत नाही, सांगितलं ना, सौ. आल्यात. कुरियरच्या ऑफिसात गेलो तर काउंटरवरचा मुलगा डबा उघडून बसलेला. एकात एक बसणारी तीन झाकणं, आत काळी पिशवी. पठ्ठ्याने सगळं सोडवलं होतं. एक शीट ट्यूबलाइटसमोर धरून मला म्हणतो, ‘काकाजी, इसमें तो कुछ छपा ही नहीं है!’ उजेड लागला की फिल्म वाया, आता काय बोलणार? वर त्याने सगळं नीट भरून, चिकटपट्टी लावून दिलं, सहीसुद्धा घेतली. भरपाईच्या अर्जाला उत्तर आलं, ‘माल सुस्थितीत पोहोचला’. तसा पोहोचलाच होता म्हणा.

ती पंचवीस शीट अजून आहेत. नव्या मुलांना त्यांवरच होल्डर, म्हणजे शीट कॅमेऱ्यात घालायची चौकट, भरायला शिकवतो. डोळे मिटायचे, वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या खाचा बोटाला लागल्या की इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा थर, आपल्याकडे. चांगली फिल्म लाल दिव्यातही उघडायची नसते, म्हणून सराव आधी या वाया गेलेल्या शीटवर, उजेडात. (चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.)

मुद्दा असा. छोट्या कॅमेऱ्यात ५० मिलिमीटरची लेन्स एफ ५.६ वर (एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं भोक लहान) जेवढी खोली देते, म्हणजे पुढचं-मागचं जेवढं स्पष्ट दाखवते, तेवढ्यासाठी चार बाय पाचवर १५० ची लेन्स जवळजवळ एफ २२ पर्यंत बंद करावी लागते. चार स्टॉप, दर स्टॉपला उजेड निम्मा, म्हणजे सोळापट उजेड गेला. वेगाची खरी गरज मोठ्या कॅमेऱ्याला. वेगवान फिल्मच्या दाण्याची, चित्रातल्या खरखरीची, भीतीही त्यालाच कमी, निगेटिव्हच एवढं मोठं! आणि मिळतं काय? इलफोर्डची एचपी५ प्लस, कोडॅकची टी-मॅक्स ४००, ट्राय-एक्स तर ३२० च. डेल्टा ३२०० आहे, पण रोलमध्ये. पूर्वी कोडॅकची रॉयल-एक्स पॅन होती, १२५० ची. पोलरॉइडचं टाइप ५७ होतं, ३००० चं. दोन्ही गेली.

का? वेगवान इमल्शन डब्यात पडल्या पडल्याच धुकटतं, म्हणजे न वापरताच काळवंडतं; वैश्विक किरणांना अडवायला शिसंही पुरत नाही. शीटसाठी जाड पॉलिस्टरवर वेगळा थर, वेगळी कापणी, खाचा, डबे. एवढा लॉट मुदतीत घेणार कोण? मी आणि मागे बसलेले ते दोघे.

म्हणून एचपी५ च १६०० वर धरायची, म्हणजे १६०० ची समजून कमी उजेड द्यायचा, आणि डेव्हलपरमध्ये जास्त ठेवायची. उजळ भाग येतो, सावली येत नाही. गेल्या वर्षीच्या माझ्या फोटोत झांकीतला हनुमान लख्ख आहे, ढोलवाले नाहीत. पुढचं चहाच्या टेबलाशी विचारा, सौ. उठल्यात.