आवड पुढे, हात मागे

नमस्कार. आजच्या विषयाची सुरुवात एका वाक्यापासून करू या. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या अनेकांनी ते लहानपणापासून ऐकलेलं असतं: "एवढी आवड आहे ना, मग जमत कसं नाही?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण आवड असली की ते येतंच, आणि येत नसेल तर आवड खोटी किंवा कष्ट कमी, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. ऐकणारा तेच मनाला लावून घेतो आणि वर्षानुवर्षं स्वतःला आळशी म्हणत राहतो. मला आज सांगायचंय ते असं, की आवड आणि क्षमता यांची मुळं वेगवेगळी असतात. दोन्हींत अंतर पडलं तर आवड छाटायची नसते. काम नेमकं कुठे अडतंय ते शोधायचं असतं.

निदानाचे निकष पाहा. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत, कमालीची तीव्र, एकाच गोष्टीवर खिळलेली आवड हे ऑटिझमच्या लक्षणांपैकी एक मानलं आहे. तिथे आवडीच्या तीव्रतेचा उल्लेख आहे, प्रावीण्याचा नाही. लोकांच्या मनातलं चित्र मात्र वेगळं असतं. ऑस्ट्रियन डॉक्टर हान्स आस्पेर्गर यांनी 1944 च्या सुमारास ज्या मुलांचं वर्णन केलं, ती 'छोटे प्राध्यापक' म्हणून ओळखली गेली. पुढे सिनेमांनी त्या चित्रात आणखी रंग भरले. अचाट स्मरणशक्ती किंवा अचाट गणित असलेली ऑटिस्टिक माणसं असतात, पण ती थोडी. बाकीच्यांच्या वाट्याला तेवढीच मोठी ओढ येते आणि हात साधा, कधी साध्याहूनही कमी साथ देणारा.

ही ओढ एवढी मोठी का असते? डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन या अभ्यासकांनी 2005 साली याचं एक स्पष्टीकरण मांडलं, आणि ते आजही मला सगळ्यांत पटतं. लक्ष ही प्रत्येकाकडे मोजकीच असणारी गोष्ट आहे. कुणी पाटाचं पाणी दहा वाफ्यांना थोडं थोडं देतो. ऑटिस्टिक मन ते एकाच वाफ्यात सोडतं. त्या वाफ्यात पाणी खोल मुरतं. म्हणून माहिती भराभर गोळा होते, शब्द येतात, बारकावे कळतात. पण बोटांचा ताबा, तीन-चार गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरणं, कामाचा क्रम लावणं, हातातलं थांबवून दुसरं सुरू करणं, या गोष्टी त्या पाण्याने वाढत नाहीत. त्यांची यंत्रणाच निराळी.

बुद्धिमापन चाचण्यांत हे आकड्यांत दिसतं. या चाचण्यांच्या उपविभागांची सरासरी 100 धरलेली असते आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, 15. समजा एखाद्याचा भाषेचा गुणांक 125 आला आणि प्रक्रियेच्या वेगाचा 80. दोहोंची सरासरी शंभरच्या जरा वर, म्हणजे 'सर्वसाधारण'. पण ही सरासरी त्या माणसाबद्दल काहीच सांगत नाही. तो 125 ने बोलतो आणि 80 ने फॉर्म भरतो. लोक बोलणं ऐकून हाताचा अंदाज बांधतात. तो स्वतःही तसाच बांधतो. अहवाल हातात असेल तर एकूण आकड्याकडे न बघता उपविभागांतलं अंतर बघा. उपयोगाची माहिती तिथे आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. इलेक्ट्रॉनिक्सचं वेड असलेला एक तरुण समजा. सर्किटचा नकाशा तो वर्तमानपत्रासारखा वाचतो, कुठल्या भागाला किती व्होल्ट लागतात ते तोंडपाठ. पण सोल्डरिंग करायला, म्हणजे धातूची तार वितळवून भाग बोर्डावर जोडायला, बसला की बोर्ड वाया जातो. घरचे म्हणतात, सराव कर. तो शंभर वेळा सराव करतो आणि शंभर बोर्ड वाया जातात, कारण चूक होते कुठे तेच कुणी पाहिलेलं नसतं.

सोल्डरिंगमध्ये तीन गोष्टी धराव्या लागतात: बोर्ड, सोल्डरची तार आणि गरम सोल्डरिंग आयर्न. हात दोन. सरावलेला माणूस बोर्ड टेबलावर अडकवून वेळ मारून नेतो. ज्याच्या हातांचा मेळ आधीच कमी, त्याचा बोर्ड सरकतो, तो सावरायला जातो, तोवर आयर्नचं टोक जागेवरून हललेलं असतं. बोर्डावरच्या भोकांत अंतर साधारण 2.54 मिलिमीटर, म्हणजे टोक जरासं हललं तरी शेजारच्या पायाला, म्हणजे भागातून आलेल्या तारेला, चिकटतं. जोड व्हायला दोन-तीन सेकंद पुरतात. आधी टोकाने तांब्याची चकती आणि पाय दोन्ही तापवायचे, मग तार टोकाला न लावता त्या तापलेल्या जागेला लावायची. गडबडीत तार टोकावरच वितळवली जाते, थेंब थंड चकतीवर पडतो आणि खडबडीत, गोळ्यासारखा जोड तयार होतो. तो दिसायला जोड असतो, वीज मात्र धड जात नाही. घाबरून तिथेच आयर्न धरून ठेवलं तर चकती बोर्डावरून उखडते.

हे सगळं तीनदा, न बोलता, शेजारी बसून पाहायचं आणि प्रत्येक वेळी पहिली चूक कुठे झाली तेवढीच लिहायची. शेवटची चूक लिहू नका, ती बहुतेकदा पहिलीचाच परिणाम असते. इथे पहिली चूक 'बोर्ड सरकला' ही निघते. मग उपायही साधा: बोर्ड शिकंज्यात पक्का बसवा. सोल्डरची तार लवचिक असते, ती थरथरते. रिकाम्या पेनाच्या नळीतून ओवली की पेन्सिलसारखी धरता येते. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा आणि मनगटाखाली पुस्तक ठेवा. शिसं असलेलं सोल्डर 190 अंश सेल्सिअसच्या आत वितळतं, आयर्न 350 च्या आसपास ठेवलं की पुरतं. त्याहून तापवलं तर चुकीला वेळच उरत नाही. आणि एका बैठकीत पाच जोड, जास्त नाही. शिशाचं सोल्डर हाताळल्यावर हात धुवायचे आणि खोलीची खिडकी उघडी ठेवायची, हे ओघानेच आलं.

एवढं करूनही जमलं नाही तर? तर ब्रेडबोर्ड वापरा, त्यात भाग नुसते दाबून बसवतात. सर्किट त्याने रचावं, सोल्डरिंग दुसऱ्याने करावं. याला हार मानणं म्हणू नये. रचना करणं हे त्या आवडीचं काळीज आहे, सोल्डरिंग हा त्याचा एक पाय; आणि आधाराची काठी घेणाऱ्याला आपण चालत नाही असं म्हणत नाही.

गणिताची ओढ असणाऱ्यांचं अडणं निराळं. कल्पना कळते, पुस्तक पुढचं हवंसं वाटतं, पण लांब उदाहरण सोडवताना मधेच चिन्ह बदलतं, पद गळतं. इथे कमी पडते ती कार्यरत स्मृती. एका वेळी डोक्यात धरता येतात त्या गोष्टी कुणालाही चारच्या आसपासच. त्यातली एक जागा खोलीतल्या आवाजाने व्यापली तर राहिल्या तीन. तेव्हा एका ओळीत एकच बदल. कंस सोडवला, ओळ संपली. चिन्ह फिरवलं, नवी ओळ. पानं तिप्पट लागतील, लागू द्या. चौकटीचा कागद वापरला तर पदं एकाखाली एक राहतात. शिकवणाऱ्याने 'किती लांब लिहितोस' असं म्हणू नये, कारण ती लांबी म्हणजे त्याची स्मृती कागदावर उतरलेली असते.

काही वेळा हात किंवा स्मृती अडत नाही, सुरुवातच होत नाही. टेबलावर सगळं मांडलेलं, मन तिकडेच, आणि माणूस दोन तास खुर्चीत. बघणाऱ्याला हा कंटाळा वाटतो. 'आज प्रकल्पाचं काम करायचं' या सूचनेत पहिली हालचाल कुठली ते नसतं. 'डबा उघड, लाल वायर काढ' यात असते. म्हणून उठण्यापूर्वी, काम रंगात असतानाच, उद्याची पहिली हालचाल एका चिठ्ठीवर लिहून ती कामावरच ठेवायची.

शक्तीबद्दलही बोलायला हवं, कारण सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं. आवडीत बुडालेल्या माणसाला तहान, भूक, लघवी यांची जाणीव उशिरा होते. ऑटिझममध्ये शरीराच्या आतल्या खुणा ओळखणं अनेकांना मुळातच अवघड असतं. तेव्हा जाणवेल तेव्हा पाणी, हा नियम चालत नाही. पन्नास मिनिटांनी गजर, गजर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे उठावं लागतं. गजर वाजला की लगेच थांबायचं नाही; हातातली ओळ किंवा जोड पूर्ण करायचा आणि मग उठायचं. मधेच तोडलं की चिडचिड होते आणि दुसऱ्या दिवशी गजरच बंद केला जातो.

जमत नाही म्हणून दुप्पट जोर, तरी जमत नाही म्हणून तिप्पट, असं महिनोन्महिने चाललं की एक वेगळीच अवस्था येते. काही महिने टिकणारा थकवा, आधी येत असलेल्या गोष्टीही येईनाशा होणं, आवाज आणि उजेड पूर्वीपेक्षा असह्य होणं. याला ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात. चार दिवसांच्या सुट्टीने ते जात नाही. मागण्या कमी कराव्या लागतात, सामाजिक मागण्यासुद्धा, आणि आवड बिनकामाची, बिनउद्दिष्टाची परत द्यावी लागते. आवडीतही मन लागेनासं झालं, झोप आणि भूक दोन आठवडे बिघडली, किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. ऑटिस्टिक लोकांत नैराश्याचं प्रमाण जास्त आहे, आणि चेहऱ्यावर ते दिसेलच असं नाही.

घरच्यांना माझी कळकळीची विनंती एकच आहे. आवड बक्षीस म्हणून देऊ नका आणि शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. तुमच्या दृष्टीने ते खेळणं असेल. त्याच्यासाठी दिवसभराच्या गोंगाटानंतर श्वास घ्यायची ती जागा आहे. त्या जागेला कुलूप लावून अभ्यास होत नाही.

आणि काही अंतरं भरत नाहीत. हे सांगणं जड जातं, पण सांगायला हवं. 'मनात आणलंस तर काहीही करशील' हे प्रेमाने म्हटलेलं असलं तरी खोटं आहे, आणि ऑटिस्टिक माणूस अनेकदा शब्द शब्दशः घेतो. न जमल्यावर तो निष्कर्ष काढतो की मनातच आणलं नसणार. 'सोडून दे' हेही तितकंच चुकीचं. म्हणावं असं: "हे काम तुला या पद्धतीने जमणार नाही असं दिसतंय. याचं वाईट वाटणं साहजिक आहे. या विषयात आणखी कुठली कामं असतात ते शोधू." मधलं वाक्य गाळू नका. ज्या गोष्टीवर जीव जडला ती आपल्या हातून होणार नाही, हे कळणं म्हणजे दुःख आहे, आणि दुःखाला वेळ द्यावा लागतो.

प्रत्येक विषयात करणारे असतात तसे मोजणारे, नोंदवणारे, वर्गवारी लावणारे, तपासणारे, जपणारेही असतात. खगोलशास्त्राचं उदाहरण घ्या. तारकांच्या भौतिकीचं गणित झेपलं नाही म्हणून अनेकांचा हा विषय सुटतो. पण रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं असे तारे, डोळ्यांनी पाहून त्यांची नोंद करण्याचं काम हौशी निरीक्षक शतकाहून अधिक काळ करत आले आहेत. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही संस्था 1911 साली याच कामासाठी निघाली, ती जगभरच्या नोंदी घेते आणि संशोधक त्या वापरतात. 2019 च्या अखेरीस मृग नक्षत्रातला काक्षी (बेटेलगीज) तारा मंदावू लागला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये त्याची प्रत (तेजाचा आकडा; मोठा तितका तारा मंद) 1.6 च्या आसपास गेली, तेव्हा वर्षानुवर्षांच्या अशा नोंदी शेजारी ठेवूनच हे मंदावणं किती असाधारण आहे ते कळलं.

दुर्बीण लागत नाही. काक्षी शोधायचा, आणि तुलनेला दोन तारे: प्रश्वा, प्रत 0.4, आणि रोहिणी, प्रत 0.9. आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. काक्षी दोघांच्या बरोबर मध्ये वाटला तर 0.6 किंवा 0.7, रोहिणीकडे झुकला तर 0.8. काक्षी तांबूस आहे, आणि तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो आहे त्यापेक्षा तेजस्वी भासतो. म्हणून क्षणभर पाहायचं, नजर दुसऱ्या ताऱ्याकडे न्यायची, परत यायचं. क्षितिजाजवळचा तारा हवेमुळे मंद दिसतो, तेव्हा तिन्ही तारे पुरेसे वर येईपर्यंत थांबायचं. मागची नोंद आधी वाचायची नाही, नाहीतर डोळे तेच पाहतात. याची गती संथ असते, आठवड्यातून एक नोंद पुरते. घाई नाही, कुणाशी बोलावं लागत नाही, आणि तेच तेच पुन्हा पाहणं हा इथे दोष नसून कामाची पहिली अट आहे. वहीत तारीख, वेळ, अंदाज, तुलनेचे तारे, आणि ढग किंवा चंद्र असेल तर तसं. अंदाजाबद्दल खात्री नसेल तर शेजारी तेही लिहायचं, आणि नोंद खोडायची नाही.