पेटी ठीक आहे, विमान डोलतंय

[दृश्य: कॉकपिट. समोर मोकळं आकाश. वैमानिकाचे हात मांडीवर, योक (विमानाचं स्टिअरिंग) आपोआप हलतोय.]

चार आसनांचं सेस्ना १८२. अमेरिकेतल्या कॅन्ससवरून चाललंय. हवा शांत, ऑटोपायलट चालू. आता पंखाच्या टोकाकडे बघा. डावा पंख किंचित खाली जातो, वर येतो. मग उजवा. थोड्या वेळानं पुन्हा डावा. घाबरावं असं काही नाही, पण मागच्या महिन्यात हे होत नव्हतं.

अशा वेळी बहुतेक मालक ऑटोपायलटची पेटी काढून दुरुस्तीला पाठवतात. कार्यशाळेत ती टेबलावर तपासली जाते आणि "दोष आढळला नाही" असा शेरा घेऊन परत येते. बिल भरावं लागतंच. विमान पुन्हा उडतं आणि पुन्हा डोलतं.

[दृश्य: उघडलेलं इन्स्ट्रुमेंट पॅनेल, मागच्या वायरी आणि रबरी नळ्या.]

पेटी बिचारी मधली असते. विमान कसं आहे हे तिला दुसरं कुणीतरी सांगतं, आणि तिनं ठरवलेलं काम तिसरंच कुणीतरी करतं. सांगणारे म्हणजे जायरो (वेगानं फिरणारं, झुकाव ओळखणारं चाक), दिशादर्शक आणि बाहेरच्या हवेचा दाब. करणाऱ्या म्हणजे पंखात आणि शेपटीकडे बसवलेल्या सर्व्हो मोटरी. दोष बहुतेक वेळा या दोन टोकांना सापडतो, आणि तो शोधण्याची सर्वांत चांगली जागा कार्यशाळा नाही, आकाश आहे.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं, सीन नदी.]

या रचनेला शंभरहून जास्त वर्षं झाली. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ, सीन नदीवर, लॉरेन्स स्पेरी या तरुणानं आपलं कर्टिस विमान परीक्षकांसमोरून नेलं. त्यानं दोन्ही हात वर धरले होते आणि त्याचा मेकॅनिक एमिल काशँ चालत्या विमानाच्या पंखावर चालत गेला होता. एका बाजूला वजन आलं तरी विमान सपाट राहिलं. जायरोनं झुकाव ओळखला, यंत्रणेनं नियंत्रणं हलवली. आजच्या छोट्या विमानातही मूळ काम तेच आहे.

[दृश्य: ऑटोपायलटची बटणं, जवळून.]

आता आपलं डोलणारं विमान. समजा त्यात १९८०च्या दशकातला, बेंडिक्स किंग कंपनीचा केएफसी १५० हा ऑटोपायलट आहे. आत्ता तो दिशादर्शकावर लावलेली दिशा धरून चाललाय. ती दिशेची मोड बंद करा. उरतं फक्त पंख सपाट ठेवण्याचं काम. डोलणं थांबलं? मग पेटी, सर्व्हो आणि पंख-शेपटीची नियंत्रणं ओढणारी केबल यांच्यावरचा संशय बराच कमी झाला. दिशादर्शक आणि त्याच्याकडून येणारा संकेत तपासायचा. डोलणं तसंच राहिलं? मग कृत्रिम क्षितिजाचा (विमान किती कललंय हे दाखवणाऱ्या तबकडीचा) जायरो, सर्व्हो किंवा केबल. एक बटण दाबून अर्धं विमान संशयातून बाहेर काढता येतं. टेबलावर पडलेल्या पेटीला हे कधीच सांगता येणार नाही.

मात्र ऑटोपायलट कुणाचं ऐकतो हे आधी माहीत हवं. केएफसी १५० झुकाव घेतो तो कृत्रिम क्षितिजाकडून, आणि ते क्षितिज व्हॅक्यूम पंपावर, म्हणजे हवा ओढून जायरो फिरवणाऱ्या पंपावर, चालतं. एस-टेक या दुसऱ्या कंपनीचे अनेक ऑटोपायलट मात्र टर्न कोऑर्डिनेटर या वळण दाखवणाऱ्या उपकरणावर चालतात. त्याचा जायरो विजेवर फिरतो आणि झुकाव नाही, वळण्याचा वेग सांगतो. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. ढगात तो जीवनमरणाचा होतो.

[दृश्य: व्हॅक्यूम गेज. काटा हळूहळू खाली येतो.]

कारण व्हॅक्यूम पंप बंद पडला, तर क्षितिजाचा जायरो लगेच थांबत नाही. त्याचा वेग हळूहळू उतरतो आणि क्षितिज हळूहळू कलतं. ऑटोपायलटला वाटतं विमान कलंडलं. तो ते "सरळ" करतो, म्हणजे खरोखर कलंडवतो. बाहेर ढग, क्षितिजाच्या तबकडीवर सगळं सपाट, आणि विमान वळत वळत खाली निघालेलं. या पंपात ग्राफाइटच्या पात्या असतात आणि तो जाताना फारशी पूर्वसूचना देत नाही. म्हणून व्हॅक्यूमच्या गेजवर साधारण ४.५ ते ५.५ इंच (पाऱ्याचे) दिसतंय ना, आणि टर्न कोऑर्डिनेटर क्षितिजाशी सहमत आहे ना, हे बघत राहायचं. दोघांत मतभेद दिसला की आधी ऑटोपायलट बंद करा, मग कारणं शोधा. हा क्रम उलटा करू नका.

[दृश्य: शेपटीकडचं झाकण उघडलेलं. टॉर्चच्या उजेडात पुल्या आणि केबल.]

वरखाली होणारं विमान ही वेगळी तक्रार. उंची धरायला सांगितली की नाक वर, नाक खाली. इथंही उंचीची मोड काढून फक्त नाकाचा कोन धरायला लावा. हेलकावे थांबले तर दाबाच्या नळीकडे वळा. तिथं गळती किंवा साचलेलं पाणी असू शकतं. थांबले नाहीत, तर शेपटीकडे.

सर्व्होपासून मुख्य केबलपर्यंत एक छोटी जोडकेबल असते. सायकलच्या ब्रेकची तार ढिली झाली की दांडी अर्धी दाबेपर्यंत काहीच घडत नाही, तसंच इथं होतं. सर्व्हो फिरतो, ढील भरून काढण्यातच वेळ जातो, तोवर विमान पुढे गेलेलं असतं. मग सुधारणा जास्त होते आणि उलट फेरी सुरू होते. थंडीत हे वाढतं, कारण विमानाचं ॲल्युमिनियम पोलादी केबलपेक्षा जास्त आकसतं आणि केबल सैल पडते. "फक्त हिवाळ्यात होतं" ही माहिती म्हणूनच मोलाची आहे. ती तंत्रज्ञाला सांगा. हवा, उंची, वेग, कोणती मोड, किती वेळानं, सगळं उड्डाणातच लिहून ठेवा. "ऑटोपायलट नीट चालत नाही" या वाक्यावर कुणी काय दुरुस्त करणार?

[दृश्य: योकवरचं लाल बटण.]

ट्रिमच्या, म्हणजे योक ओढून न धरता नाकाचा तोल राखणाऱ्या जुळवणीच्या, बाबतीत मात्र थांबून निरीक्षण करत बसायचं नसतं. ऑटोपायलट चालू असताना योक हातानं ओढून धरलात, तर स्वयंचलित ट्रिम तुमच्या विरुद्ध फिरत राहते. सोडलंत की नाक जोरात उसळतं किंवा पडतं. ट्रिम स्वतःहून पळत सुटली, तरी उपाय तोच: योक घट्ट धरा, ऑटोपायलट तोडणारं लाल बटण दाबून धरा आणि ट्रिमचा सर्किट ब्रेकर ओढा. अनेक वैमानिक त्या ब्रेकरला रंगीत कडं घालतात, म्हणजे घाईत हात चुकत नाही. जमिनीवरच्या तपासणीत हे बटण रोज दाबून बघावं. यात कंटाळा नको.

दुरुस्तीचं काम स्वतः करायचं नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकन नियमांनुसार मालक-वैमानिक पॅनेलमधला काही प्रकारचा रेडिओ स्वतः काढून बसवू शकतो. ऑटोपायलट त्या सवलतीतून मुद्दाम वगळलेला आहे. निरीक्षण तुमचं, पाना तंत्रज्ञाचा.

[दृश्य: नव्या डिजिटल पडद्यांचं कॉकपिट.]

जुन्या पेट्यांचे सुटे भाग दुर्मिळ होत चालले आहेत, म्हणून बरेच मालक २०१७ मध्ये आलेल्या गार्मिनच्या जीएफसी ५०० सारख्या डिजिटल ऑटोपायलटकडे वळतात. निर्णय चांगला आहे. फिरता जायरो नाही, व्हॅक्यूम पंपावर अवलंबणं नाही, शिवाय विमान सपाट करणारं एक स्वतंत्र निळं बटण. पण एलिव्हेटरच्या (नाक वरखाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीच्या) त्याच जुन्या पुल्या आणि तेच घर्षण त्याच्याही वाट्याला येतं. तेव्हा नवा संच मागवण्याआधी शेपटीचं झाकण उघडून घ्या आणि केबलचा ताण मोजून घ्या.