रिकामा हात

नमस्कार मंडळी, कसे आहात? आज एका अशा शब्दाबद्दल बोलायचंय जो खरं सांगायचं तर आपल्याला मनातून आवडत नाही. दीन. बघा ना, मराठीत आपण हा शब्द वापरतो तो कसा, असा दीनवाणा चेहरा करू नकोस म्हणतो, अगदी दीनवाणी अवस्था झाली म्हणतो, कौतुकाने कुणाला दीन म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नाही. आणि इकडे येशू डोंगरावर जाऊन बसतो, लोक जमलेत, आणि त्या एवढ्या मोठ्या प्रवचनाचं पहिलंच वाक्य काय, तर "जे आत्म्याने दीन ते धन्य, कारण स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे." बायबलमध्ये मत्तय 5, तिसरं वचन. आपण लहानपणापासून ते पाठ म्हणतो, त्यामुळे ते आता कुठे टोचतच नाही.

पण ज्यांनी मत्तयाचं शुभवर्तमान पहिल्यांदा ग्रीकमध्ये वाचलं त्यांना टोचलं असणार. कारण ग्रीकमध्ये गरीब म्हणायला दोन शब्द होते. एक पेनेस, म्हणजे हातावर पोट असलेला, राबतो, कमावतो, कसंबसं भागवतो. दुसरा प्तोखोस, हा अंग चोरून वाकून बसलेला, ज्याच्याजवळ स्वतःचं असं काहीच नाही, मागितलं नाही तर आजचा दिवस जात नाही, म्हणजे सरळ सरळ भिकारी. लूक 16 मध्ये श्रीमंताच्या दारात फोडांनी भरलेला लाजर पडलेला असतो ना, त्याच्यासाठी हाच शब्द आलाय. आणि आपल्या वचनातला "दीन" हा तो दुसरा शब्द आहे. म्हणजे येशू जेमतेम भागवणाऱ्याला धन्य म्हणत नाहीये, ज्याचा हात पूर्ण रिकामा आहे आणि पुढे पसरलेला आहे त्याला म्हणतोय.

मला वाटतं इथेच आपली गल्लत होते. नम्रता म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतं हळू बोलणं, मान खाली, कुणी कौतुक केलं की "अहो मी कसला, माझं काय त्यात". ठीक आहे, चांगले मॅनर्स आहेत, असावेत. पण जरा ऐका ते वाक्य, "मी कसला, माझं काय", त्यातही विषय कोण, तर मीच! स्वतःला मोठं म्हणणारा आणि स्वतःला सारखं क्षुल्लक म्हणणारा, दोघंही आरशासमोरच उभे आहेत. भिकाऱ्याला मात्र स्वतःकडे बघायला फुरसत नसते, त्याचं सगळं लक्ष समोरच्याच्या हाताकडे. स्तोत्र 123 मध्ये अगदी हेच चित्र आहे, दासांचे डोळे जसे धन्याच्या हाताकडे, दासीचे डोळे जसे धनिणीच्या हाताकडे, तसे आमचे डोळे परमेश्वराकडे.

आता येशूने सांगितलेली ती परूशी (नियमशास्त्र अगदी काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा माणूस) आणि जकातदाराची (कर गोळा करणाऱ्याची) गोष्ट घ्या, लूक 18. सगळ्यांना माहीत आहे म्हणून पटकन सांगतो. दोघं मंदिरात प्रार्थनेला जातात, परूशी म्हणतो देवा मी इतरांसारखा नाही, लुबाडणारा नाही, अन्यायी नाही, ह्या जकातदारासारखा तर नाहीच नाही, आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो. जकातदार लांब उभा राहून छाती बडवत म्हणतो, देवा मज पाप्यावर दया कर. आणि नीतिमान ठरून घरी जातो तो दुसरा.

आपण पहिल्याला लगेच ढोंगी ठरवून मोकळे होतो, पण तो खोटं बोलतोय असं येशू कुठेही म्हणत नाही. तो खरंच उपास करत असणार. मोशेच्या नियमशास्त्रात सगळ्यांसाठी ठरलेला उपास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, हा बाबा आठवड्याला दोन करतोय. आणि गंमत म्हणजे तो देवाचे आभारसुद्धा मानतोय, क्रेडिट स्वतःला देतोय असंही म्हणता येत नाही. मग चुकलं कुठे? त्याची प्रार्थना परत एकदा वाचा, सावकाश. त्यात मागणं एकही नाही. एकही! माणूस देवाच्या दारात गेला, बोलला, आणि काहीच न मागता परत आला, कारण त्याला काही लागतच नव्हतं. नुसता रिपोर्ट देऊन आला. आणि दुसऱ्याच्या प्रार्थनेत मागण्याशिवाय दुसरं काही नाही. हा जकातदार काही सज्जन नव्हता हं, रोमी सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून कर गोळा करायचा, वर जमेल तेवढं आपल्या खिशात, असा तो धंदा होता. पण हात रिकामा आहे हे त्याला कळलं होतं.

मला हे पुस्तकात वाचून कळलं नव्हतं, खरंच सांगतो. काही वर्षांपूर्वी माझं उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. पहिल्या दिवशी मुलगा म्हणाला बाबा बटणं लावून देतो, तर मी त्याच्यावर खेकसलो, म्हटलं येतं मला. डाव्या हाताने वीस मिनिटं झगडलो, एक बटण लागलं, तेही चुकीच्या काजात. पोरगा दारात गप्प उभा. शेवटी मी हात बाजूला केले आणि त्याने लावली. हसू नका, पण डोळ्यात पाणी आलं, आणि ते दुखण्याचं नव्हतं. मला तोवर वाटायचं मी नम्र माणूस आहे, कारण मी लोकांना मदत करतो, कुणाकडे मिरवत नाही. पण मदत करणारा नेहमी वरच्या हाताचा असतो ना. घेताना कळतं आपण किती ताठ आहोत ते.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं हेच झालं. योहान 13, शेवटचं भोजन, प्रभू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुवायला लागतो. ते काम दासाचं. पेत्र म्हणतो छे छे, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. वाटतं किती नम्र! पण प्रभू काय उत्तर देतो, मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. म्हणजे ती नम्रता नव्हतीच, ते माझं "येतं मला" होतं, फक्त जरा भक्तीच्या भाषेत. आणि मग पेत्र तो पेत्रच, लगेच दुसऱ्या टोकाला, मग नुसते पाय नाही, हात आणि डोकं पण धुवा! (मला हा माणूस फार आवडतो.) त्याच रात्री तो छातीठोक सांगतो, सगळे अडखळले तरी मी नाही अडखळणार, आणि कोंबडा आरवायच्या आत तीनदा प्रभूला ओळखत नाही म्हणतो. स्वतःवरचा भरवसा फुटायला एक रात्र पुरली.

अवलंबून राहणं म्हटलं की कुणाला वाटेल हा आळशीपणाचा रस्ता, देव देईल म्हणून हातपाय गाळून बसायचं. त्यावर मान्नाची गोष्ट बघा, निर्गम 16. मिसरातून सुटलेले इस्राएली लोक अरण्यात, भाकर नाही, देव आकाशातून मान्ना देतो. पण ताटात वाढून नाही देत, रोज सकाळी उठून गोळा करायला लागायचा, ऊन चढलं की वितळून जायचा, माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर. काहींनी विचार केला उद्याचं काय, जरा स्टॉक करून ठेवू, तर सकाळी त्यात किडे आणि घाण वास. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायचा, शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसासाठी, तो मात्र नासायचा नाही. 40 वर्षं हे चाललं. कष्ट आहेत, पण साठवण नाही. आणि अनुवाद 8 मध्ये मोशे याचं कारण स्पष्ट सांगतो, देवाने तुला लीन करण्यासाठी उपाशी राहू दिलं आणि मग मान्ना खाऊ घातला. लगेच पुढे इशारा पण देतो, की उद्या तुम्ही चांगली घरं बांधाल, गुरंढोरं वाढतील, सोनंरुपं वाढेल, तेव्हा मनात म्हणाल, हे सगळं माझ्या बळाने मिळवलं. म्हणजे अरण्यापेक्षा पोटभर जेवणाची भीती त्याला जास्त वाटतेय.

म्हणूनच प्रभूच्या प्रार्थनेत "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" असं आहे. महिन्याची नाही, वर्षाची नाही. आता आपल्याकडे पगार असतो, बँकेत बॅलन्स असतो, इन्शुरन्स असतो, ते ठेवू नये असं मी म्हणत नाहीये, मीही ठेवतो. पण हे वाक्य म्हणताना आपल्याला खरंच काही मागायचं असतं का, की ते नुसतं म्हणून टाकतो, हे मला माझ्याच बाबतीत नेहमी खात्रीने सांगता येत नाही.

आणि मागितलं की मिळतंच असंही नाही, हे पण बोलायला हवं, नाहीतर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. ख्रिस्ताचा प्रेषित पौल, त्याच्या शरीरात एक काटा होता. कसला, आजार की छळ की आणखी काही, त्याने लिहिलंच नाही, लोक दोन हजार वर्षं अंदाज करतायत. हा काढून टाक म्हणून त्याने तीनदा विनंती केली. उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरेशी आहे, कारण अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते." काटा तिथेच. आजारी माणसाच्या उशाशी बसून हे वचन फटकन म्हणून दाखवणारे लोक मी पाहिलेत, कृपया तसं करू नका. पौलाने ते स्वतःच्या दुखण्याबद्दल लिहिलंय, दुसऱ्याच्या नाही.

तसंच "नम्र राहा" हे वाक्यही कोण कुणाला म्हणतंय ते बघायला पाहिजे. वरच्याने खालच्याला गप्प करण्यासाठी, नवऱ्याने बायकोला, पुढाऱ्याने मंडळीतल्या (चर्चमधल्या) प्रश्न विचारणाऱ्याला, हे हत्यार खूप वापरलं गेलंय. फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं, सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, सोडा त्यांना, गुपचूप जाऊ द्या. पौल म्हणाला, नाही, आम्ही रोमी नागरिक आहोत, उघडपणे मारलंत आणि आता चोरून घालवता, स्वतः या आणि बाहेर काढा. आले ते! प्रेषितांची कृत्ये 16. आणि त्याच शहरातल्या मंडळीला हाच पौल पुढे लिहितो, लीनतेने एकमेकांना आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना, ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं. त्याला या दोन गोष्टीत काही विरोध दिसला नाही, मलाही दिसत नाही. ज्याला आपला मान देवाकडून मिळालाय तो ताठ उभाही राहू शकतो आणि वाकूही शकतो.

ख्रिस्ताचंच बघा. "मी मनाचा सौम्य व लीन आहे" असं तो म्हणतो, त्या काळच्या ग्रीक जगात लीन हा शब्द बहुतेक वेळा हलक्या माणसाला हिणवायला वापरायचे. पण मला जास्त थक्क करतं ते हे, की तो घेतो. शोमरोनी बाईकडे, म्हणजे यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्यांच्यातल्या बाईकडे, पाणी मागतो. काही स्त्रिया आपल्या पैशातून त्याचा आणि शिष्यांचा खर्च चालवतात, लूक 8 मध्ये नावासकट आहे. पकडलं जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत मित्रांना म्हणतो, माझ्याबरोबर जागे राहा, आणि ते झोपतात. पुरलं तेही दुसऱ्याच्या कबरेत. योहान 5 मध्ये तर स्पष्ट म्हणतो, पुत्राला स्वतः होऊन काही करता येत नाही. ज्याच्यात पाप नाही तोही पित्याकडून घेत जगतो, म्हणजे अवलंबून असणं हे पापाची शिक्षा वगैरे नाही, ते मुलाचं घरात असणं आहे.

वेळ संपत आली, एक शेवटचं सांगतो. मार्टिन ल्यूथर, ज्याने 1534 मध्ये अख्खं पवित्र शास्त्र जर्मनमध्ये आणलं, त्याचं निधन 18 फेब्रुवारी 1546 ला आयस्लेबेनमध्ये झालं, जिथे जन्मला त्याच गावी, वय 62. त्याआधी दोन दिवस लिहिलेली त्याची एक चिठ्ठी मिळाली. त्यात लिहिलंय, की रोमी कवी व्हर्जिलच्या गुराख्यांच्या आणि शेतीच्या कविता कळायला आधी पाच वर्षं गुराखी किंवा शेतकरी असायला हवं, रोमी मुत्सद्दी सिसेरोची पत्रं कळायला वीस वर्षं राज्यकारभारात घालवायला हवीत, आणि शास्त्राची चव पुरेशी कळली असं म्हणायला संदेष्ट्यांबरोबर शंभर वर्षं मंडळ्या चालवायला हव्यात. म्हणजे आयुष्य त्याच एका पुस्तकात घालवलेला माणूस हे म्हणतोय. आणि शेवटी लिहितो, आम्ही भिकारी आहोत, हे खरं आहे. बाकीची चिठ्ठी विद्वानांच्या लॅटिनमध्ये आहे, "आम्ही भिकारी आहोत" एवढं मात्र त्याने आपल्या घरच्या जर्मनमध्ये लिहिलं.

चला मंडळी, येतो. नमस्कार.