'पुढे काय व्हायचंय?' विचारून गुण वाढतात का?

नमस्कार. आठवी ते दहावीच्या मुलांचं ध्येय आणि त्यांचे गुण, हा आजचा विषय. ध्येय मोठं असलं की अभ्यास आपोआप होतो, हे मत आपल्याकडे पक्कं बसलेलं आहे. म्हणून तर शाळेत व्याख्यानं होतात, एखाद्या अधिकाऱ्याला बोलावतात, मुलं टाळ्या वाजवतात. आणि पुढच्या घटक चाचणीत गणिताचे २० पैकी ६ जिथल्या तिथे.

मग संबंध नाहीच का? आहे, आणि चांगला भक्कम आहे. फक्त आधी काय आणि नंतर काय, यात आपली गल्लत होते.

एक आकडा बघा. 'असर' ही देशभर मुलांचं शिक्षण तपासणारी पाहणी. तिची २०१७ची फेरी १४ ते १८ वयाच्या मुलामुलींवर होती. २४ राज्यांतले २८ जिल्हे, २८ हजारांहून जास्त मुलं, सगळी ग्रामीण भागातली. बारावीच्या पुढे शिकायचंय असं म्हणणारी साधारण ६० टक्के. पण ज्यांना दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नव्हता, त्यांच्यात हेच प्रमाण ३५ टक्के.

(स्क्रीनवर: ६० टक्के / ३५ टक्के)

यावर कुणी म्हणेल, बघा, शिकायची इच्छाच नाही म्हणून वाचता येत नाही. जरा उलट बाजूने बघा. चौथीपासून ज्याला फळ्यावरचं वाचता येत नाही आणि तरी दरवर्षी जो वरच्या वर्गात जातोय, त्याने पंधराव्या वर्षी 'मला पदवी घ्यायचीय' असं कशाच्या जोरावर म्हणावं? त्याने त्याचा हिशोब केव्हाच करून टाकलेला असतो. अभ्यास आधी मागे पडतो, इच्छा नंतर आखडते. आणि एकदा इच्छा आखडली की उरलासुरला अभ्यासही सुटतो. चक्र दोन्हीकडून फिरतं.

या चक्रात आपण मोठी माणसं कुठे येतो? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली शाळा संपवलेल्या १०,३१७ मुलामुलींचा कित्येक दशकं माग ठेवला गेला. समाजशास्त्रज्ञ विल्यम स्यूएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून एक साखळी मांडली. मुलाचे गुण बघून आईवडील आणि शिक्षक त्याला कमीजास्त प्रोत्साहन देतात, त्यात मित्रांचे बेत मिसळतात, या सगळ्यातून मुलाची इच्छा घडते आणि त्या इच्छेवर पुढचं शिक्षण ठरतं. म्हणजे गुणपत्रिका आणि मुलाची इच्छा यांच्या मधोमध आपण उभे असतो. ६ गुण बघून 'आणि म्हणे इंजिनिअर व्हायचंय!' असं जे आपण बोलून जातो, ते वाक्य बरोबर या जागी जाऊन बसतं.

आता कामाचं बोलू. एक प्रश्न विचारून भागत नाही, दोन विचारा. पहिला, तुला कुठपर्यंत शिकायला आवडेल? दुसरा, तुला काय वाटतं, तू खरंच कुठपर्यंत शिकशील? दोन्ही एका दमात विचारू नका, नाहीतर दुसऱ्याला पहिलंच उत्तर मिळतं. मध्ये एक दिवस जाऊ द्या. उत्तर कागदावर लिहून घ्या आणि समोर पाहुणे असताना तर अजिबात विचारू नका. रोजच्या अभ्यासाशी जास्त घट्ट जोडलेलं असतं ते दुसरं उत्तर.

पहिलं उत्तर मोठं, दुसरं लहान आणि गुणही कमी, ही जोडी सगळ्यात जास्त सापडेल. तिच्याकडे लगेच वळतो. पण त्याआधी एक जोडी, जी शाळेच्या नजरेतून हमखास सुटते: गुण चांगले, पण दुसरं उत्तर 'दहावी' किंवा 'बारावी'. असं मूल वर्गात त्रास देत नाही, नापास होत नाही, म्हणून त्याच्याशी कुणी बोलतच नाही. बहुतेक वेळा ती मुलगी असते. कारण अभ्यासात नसतं. पैसा, एसटीची वेळ, वसतिगृह, घरातली लग्नाची बोलणी, असं काहीतरी असतं. इथे अभ्यासाच्या युक्त्या सांगून उपयोग नाही, माहिती द्यावी लागते. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. आदल्या वर्षी सातवीला ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के हवेत आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. निवड झाली की नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये. आणि मुलींसाठी २०२४-२५ पासून महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा, उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवर्ग ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी हवा. हे नववीतल्या मुलीच्या वडिलांना माहीत असलं तर घरातलं बोलणं वेगळ्या वळणाने जातं.

मुलींबद्दलच आणखी एक. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात सरपंचपद महिलांसाठी राखीव होत गेलं. ४९५ गावांत झालेला हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्या गावांत लागोपाठ दोनदा महिला प्रमुख आली, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्या शिक्षणाबद्दल आईवडिलांच्या अपेक्षांमधली तफावत बरीच घटली, मुलामुलींच्या स्वतःच्या अपेक्षांमधली ३२ टक्क्यांनी. आणि प्रत्यक्ष शिक्षणातला फरक तर पुसलाच गेला. गावात मुलींसाठी नवे उद्योग आले नव्हते. समोर एक बाई खुर्चीवर बसून कारभार करताना दिसत होती, एवढंच. 'असर'च्या त्याच पाहणीत ४० टक्के मुलांना, आपल्याला जे व्हायचंय ते झालेलं कुणीच डोळ्यासमोर नव्हतं. म्हणून व्याख्यानाला मोठा साहेब आणण्यापेक्षा त्याच शाळेतून पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेली, आज तालुक्याच्या दवाखान्यात नर्स असलेली मुलगी बोलवा. अकरावीचा अर्ज कसा भरला, पहिल्या वर्षी फी किती लागली, काय अवघड गेलं, हे ती सांगू शकते.

आता मोठ्या जोडीकडे. स्वप्न मोठं, गुण कमी.

इथे आमिष चालेल का? नव्वद टक्के आले की मोबाईल, सायकल? हार्वर्डच्या रोलंड फ्रायर यांनी हे मोठ्या प्रमाणावर करून बघितलं. न्यूयॉर्कमध्ये सातवीच्या मुलांना परीक्षेतल्या गुणांवर वर्षाला ५०० डॉलरपर्यंत कमाई करता येत होती. गुण हलले नाहीत. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे २ डॉलर दिले, आणि वाचनाची समज सुधारली. माझ्या मते यातला सगळ्यात बोलका भाग पुढेच आहे. न्यूयॉर्कच्या मुलांना विचारलं, जास्त पैसे मिळवायचे तर काय कराल? उत्तरं आली: प्रश्न नीट वाचू, पेपर पुन्हा तपासू. रोज घरचा अभ्यास करू, अडलेलं शिक्षकांना विचारू, असं जवळपास कुणी म्हणालंच नाही. मुलांना बक्षीस हवं होतं. तिथवर जायचं कसं, हे ठाऊक नव्हतं. आपल्याकडच्या 'डॉक्टर व्हायचंय'चंही हेच होतं.

म्हणून एक तक्ता करा. आडवा कागद, चार रकाने, साधारण ४० मिनिटं.

(स्क्रीनवर: व्हायचंय काय / दार कोणतं / दारावर काय मागतात / आज कुठे अडतंय)

पोलीस भरतीचं उदाहरण घेऊ, कारण गावोगाव मुलं हेच सांगतात आणि हे सांगूनच अभ्यास सोडतात. 'मला कुठे इंजिनिअर व्हायचंय? मी पळतोय ना रोज.' शिपाई पदाचं दार काय मागतं? बारावी पास. मैदानी चाचणी ५० गुणांची, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. आणि लेखी परीक्षा १०० गुणांची! तिच्यात अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्यज्ञान आणि चालू घडामोडी. अंकगणित म्हणजे शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग. बहुतेक सातवी-आठवीचंच. पहाटे पाच वाजता पळणारं मूल ज्या तासाला मागच्या बाकावर बसून वेळ काढतं, तोच तास त्याच्या भरतीचा आहे. हे दोन रकाने समोर लिहिले की भाषण करावं लागत नाही.

इंजिनिअरिंगचं दार तसंच भरा. एमएचटी-सीईटीत गणित १०० गुणांचं, भौतिक आणि रसायन मिळून १००. म्हणजे अर्धी परीक्षा एकट्या गणिताची. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, आणि अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के वाटा असतो. डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेत १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला ४ आणि चुकलं की १ वजा.

चौथा रकाना सगळ्यात अवघड, आणि तिथेच बहुतेक तक्ते फसतात. मूल लिहितं 'गणित कच्चं' किंवा 'आळस'. हे चालणार नाही. शेवटची उत्तरपत्रिका काढा आणि गेलेल्या प्रत्येक गुणावर पेन्सिलीने अक्षर लिहा. न शिकलेलं असेल तर 'न', मागच्या वर्षीचं कच्चं असेल तर 'म', हातचुकीला 'ह', वेळ संपला तर 'व'.

एक गणित जवळून बघू. दहावीचं वर्गसमीकरण: एक्सचा वर्ग, वजा १३ एक्स, अधिक ३६, बरोबर शून्य. मुलाने पहिली ओळ बरोबर लिहिलीय, पुढे कोरं. शिक्षक म्हणतात, वर्गसमीकरणं येत नाहीत. मुलाला शेजारी बसवून विचारा, असे कोणते दोन अंक, ज्यांचा गुणाकार ३६ आणि बेरीज १३? ते १२ आणि ३ वर जातं, ६ आणि ६ वर जातं, ९ आणि ४ सुचतच नाही. म्हणजे अडलंय पाढ्यांत आणि अवयवांत. हा 'म' आहे. याला दहावीचा क्लास लावून फरक पडत नाही, तिथे सर वर्गसमीकरणाच्याच पुढच्या पद्धती शिकवतात. याला हवंय ते दोन-तीन आठवडे रोज दहा मिनिटं अवयव पाडणं. 'ह' जास्त असतील तर मात्र नवीन काही शिकवू नका, रोजची दोन गणितं पडताळा घेऊन सोडवायला लावा.

आता 'करीन' म्हटलेलं होत का नाही? २०११ साली अँजेला डकवर्थ आणि गॅब्रिएले ओटिंगन या मानसशास्त्रज्ञांच्या गटाने ६६ शाळकरी मुलांपैकी काहींना, परीक्षेच्या तयारीआधी, अर्ध्या तासाचं लेखन दिलं. इच्छा लिही, ती पुरी झाली तर काय होईल ते लिही, आड काय येईल ते लिही, आणि ते आलं तर काय करशील ते लिही. या मुलांनी बाकीच्यांपेक्षा ६० टक्क्यांहून जास्त सराव प्रश्न सोडवले. तेव्हा तक्त्याखाली एक ओळ लिहून घ्या, 'जेव्हा... तेव्हा' अशी. 'जेव्हा रात्री ताट उचलून ठेवीन, तेव्हा मोबाईल आईकडे देऊन अवयवांची ५ गणितं सोडवीन.' घड्याळाची वेळ घालू नका, लाईट गेली की किंवा पाहुणे आले की सात वाजताचा अभ्यास बुडतो. जेवण मात्र रोज होतं. आकडा ५ ठेवा. पहिल्या जोशात मुलं ३० लिहितात आणि चौथ्या दिवशी वही बंद. आणि ओळ मुलाच्या अक्षरात हवी. वडिलांनी लिहिलेली ओळ वडिलांचीच राहते.

पहिला महिनाभर गुण विचारू नका. सोडवलेली गणितं मोजा. मागच्या वर्षीचं कच्चं भरून काढायला वेळ लागतो आणि पुढच्या घटक चाचणीत फरक दिसेलच असं नाही. इथेच घरचे म्हणतात, 'एवढं करून काय उपयोग?', आणि साखळी पुन्हा तिथेच तुटते.

राहिला एक नाजूक प्रश्न. खूपच अंतर असेल तर स्वप्न लहान करायला सांगायचं का? पॅरिसच्या गरीब वस्त्यांमधल्या शाळांत मुख्याध्यापकांनी मागे पडलेल्या मुलांच्या आणि पालकांच्या बैठका घेतल्या आणि त्यांच्या गुणांना साजेसे, कामधंद्याचं शिक्षण देणारे रस्ते नीट समजावले. त्या मुलांचं नापास होणं आणि शाळा सोडणं बरंच कमी झालं. याचा अर्थ स्वप्न मोडा असा मी घेत नाही. एकाच दारावर डोकं आपटू नका, दुसरं दार दाखवा, असा घेतो. इंजिनिअरच घ्या. दहावीला ३५ टक्के असले तरी पॉलिटेक्निकला अर्ज करता येतो, आणि तीन वर्षांच्या डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला पदवीचा प्रवेश मिळू शकतो. अर्थात चांगल्या सरकारी पॉलिटेक्निकची यादी ३५ वर थांबत नाही, आणि डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी गणित पाठ सोडत नाही. म्हणजे अवयव पाडणं इथेही आलंच.

आणि ज्या मुलांची चाचपणी अजून चालू आहे, त्यांच्यासाठी: अकरावी विज्ञानला गणित सोडून नुसतं जीवशास्त्र घेतलं, की इंजिनिअरिंगच्या सीईटीचा गणिताचा गट हातचा जातो. हा निर्णय बऱ्याच घरांत निकालानंतरच्या घाईत, अर्जाची मुदत संपत आलेली असताना, शेजारच्या मुलाने काय घेतलं ते बघून होतो. तक्ता काढून दिवाळीच्या सुट्टीत बसा. तेव्हा प्रथम सत्राची उत्तरपत्रिकाही हातात असते.