हवेचं भाडं

(घरून माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांपुढे मिरजेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

हा खोका बघा. बिस्किटांचा आहे, वाण्याने फुकट दिलेला. आत अर्धा किलो चकली आहे आणि उरलेल्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे. दुसऱ्या रांगेतल्या काकूंनी आणलाय, त्यांना विचारूनच मी तो टेबलावर ठेवलाय. काकूंची तक्रार अशी, की नागपूरला पाठवायचं म्हटलं तर कुरिअरवाला चकलीच्या किमतीइतकं भाडं सांगतो. हा लुबाडतोय का आपल्याला?

नाही हो काकू, तो हिशेबच करतोय. आपण करत नाही. मोजपट्टी धरा एक बाजूने. लांबी ३०, रुंदी २५, उंची २० सेंटीमीटर. गुणाकार पंधरा हजार. बहुतेक कुरिअर कंपन्या या आकड्याला ५००० ने भागतात. उत्तर आलं तीन. म्हणजे तुमचा खोका काट्यावर सातशे ग्रॅम भरला तरी बिलात तो तीन किलोचा. याला आकारमानी वजन म्हणतात. काट्यावरचं आणि हे, यांतलं जे जास्त असेल त्याचं भाडं लागतं. त्यांची गाडी वजनाने भरायच्या आधी जागेने भरते, म्हणून ते जागा विकतात. तुम्ही हवा आणि बोळे नागपूरला पाठवताय, आणि हवेचं भाडं भरताय.

आता तीच चकली या दुसऱ्या खोक्यात. २० बाय १५ बाय १२. गुणाकार छत्तीसशे, भागून शून्य पूर्णांक बहात्तर. एक किलोच्या आत. हा खोका विकत घ्यावा लागला, पहिला फुकट होता. पण फुकटच्या खोक्याने दोन किलोंचं जादा भाडं लावलं. आणखी एक गंमत. खोका कोंबून भरला की त्याचं पोट फुगतं. मोजणारं यंत्र फुगलेल्या पोटाची उंची धरतं. पहिल्या खोक्याची उंची वीसची तेवीस झाली तर तीनचे साडेतीन किलो झालेच म्हणून समजा. म्हणून टेप मारल्यावर पुन्हा मोजायचं.

इथे गोधड्या शिवणाऱ्या ताई आहेत ना? तुमचं नुकसान तर आमच्या सगळ्यांपेक्षा मोठं. दोन किलोची गोधडी नुसती घडी घालून ५० बाय ४० बाय २५ च्या खोक्यात ठेवली तर ती दहा किलोची होते. तीच हवा काढायच्या पिशवीत घालून, घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने दाबून ४० बाय ३० बाय १२ वर आणली तर तीन किलोच्या आत. गोधडीला खोका कशाला हवा, असंही मी विचारीन. कापड पडलं तरी फुटत नाही. आत प्लास्टिक, बाहेर जाड कुरिअरची पिशवी, संपलं. खोका फुटणाऱ्या, चुरा होणाऱ्या आणि कोपरे दुमडणाऱ्या मालासाठी.

कोपरे म्हटलं की माझा विषय आला. मी जुनी मराठी पुस्तकं विकते. पुस्तकाचं गणित चकलीच्या उलट. पुस्तक म्हणजे दगड, जागा कमी आणि वजन भरपूर. तिथे हवेचं भाडं नसतं, तिथे ग्रॅम मोजावे लागतात. कुरिअरचे टप्पे साधारण अर्ध्या किलोचे. चारशे साठ ग्रॅमचं पुस्तक, त्याला पंचेचाळीस ग्रॅमचं पुठ्ठा-टेप-कागद, झालं पाचशे पाच. पाच ग्रॅमपायी पुढच्या टप्प्याचं भाडं. पहिलं वर्षभर मी हे असं भरत होते, आणि मला वाटत होतं आपला धंदाच तोट्याचा. मग स्वयंपाकघरातला पीठ मोजायचा डिजिटल काटा टेबलावर आणून ठेवला. पाच थरांचा पुठ्ठा सोडून तीन थरांचा घेतला, आणि टेप गुंडाळायची सवय सोडली. आपण भारतीय लोक टेप म्हणजे काहीतरी मंत्रवलेला दोरा असल्यासारखे गुंडाळतो. खोक्याला मधल्या फटीवर एक पट्टी आणि दोन्ही टोकांच्या फटींवर एकेक, एवढी पुरते. दोन इंची चांगली टेप घ्या, स्वस्तातली पावसाळ्यात सुटते.

पुस्तक कसं बांधायचं ते करूनच दाखवते, मागच्यांनी उभं राहिलं तरी चालेल. आधी पातळ प्लास्टिक, पुस्तकाला घट्ट. हे मी चिपळूणच्या एका वाचकाकडून शिकले. जुलैत मी त्यांना नुसत्या खाकी कागदात तीन पुस्तकं पाठवली होती. त्यांनी फोटो पाठवला, रागाचा एक शब्द नाही, फोटोत गॅलरीत दोरीवर वाळत घातलेली पुस्तकं. पैसे परत केले, पण तो फोटो अजून डोळ्यांपुढे आहे. तर, आधी प्लास्टिक. मग पुठ्ठ्याचे दोन तुकडे, पुस्तकापेक्षा चारही बाजूंनी बोटभर मोठे. एक खाली, एक वर, आणि कडांना टेप. बघा, पुठ्ठ्याचा कोपरा पुढे आलाय आणि पुस्तकाचा आत. आता हे पडलं तर पुठ्ठ्याचा कोपरा मोडेल, पुस्तकाचा शाबूत राहील. टेप पुस्तकाला कुठेही लागता कामा नये, नाहीतर ग्राहक सुरीने कापताना मुखपृष्ठही कापतो. वरून खाकी कागद. काट्यावर ठेवते. चारशे नव्वद. जमलं.

आता हे मी कमरेइतक्या उंचीवरून टाकते. घाबरू नका, पुस्तक माझंच आहे. एकदा सपाट, एकदा कडेवर, एकदा कोपऱ्यावर. तुमच्या प्रत्येक नव्या मालाची पहिली पेटी अशी घरी टाकून बघा, मग विकायला काढा. ‘जपून हाताळा’ची लाल चिकटपट्टी लावायला माझी हरकत नाही, पण तिच्या भरवशावर राहू नका. छाननी केंद्रातला सरकता पट्टा वाचत नाही.

लोणचंवाल्यांसाठी थोडक्यात. काचेची बरणी घरी शोभते. पाठवायला जाड पाऊच घ्या, तोंड यंत्राने बंद करून घ्या, त्यावर दुसरी पिशवी, आणि मध्ये तेल शोषणारं काहीतरी. पूर्वी लाकडाचा भुसा घालत, तो आजही उत्तम. तुमचं तेल शेजारच्या पार्सलातल्या माझ्या पुस्तकाला लागतं, म्हणून पोटतिडकीने सांगतेय.

कशाने पाठवायचं? इथे लोक एकाच नावाला चिकटून बसतात. मी तिघांकडे दर बघते. वेगवेगळ्या कुरिअरचे दर एकत्र दाखवणारी ॲप आहेत, तिथे दिवसाला दोन पार्सलं असली तरी थेट काउंटरपेक्षा बरा दर मिळतो. पण खेड्यात आजही पोस्टच पोचतं, कुरिअर तालुक्याला अडतं आणि ‘येऊन घेऊन जा’ म्हणतं. कोकणातून आंब्याच्या पेट्या जातात तशी एस.टी.ची पार्सल सेवाही आहे. स्टँडवर येऊन माल घेणारा ओळखीचा माणूस असेल तर जड मालाला ती विसरू नका.

पुस्तकवाल्यांसाठी मात्र गेल्या काही वर्षांत मोठी उलथापालथ झाली. छापील पुस्तकं स्वस्तात नोंदणीने पाठवायची जी जुनी सोय होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. एक दिवस काउंटरवर गेले तर संगणकात तो पर्यायच नाही! आमच्यासारख्यांचं कंबरडं मोडलं. मग १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, असे दर ठरले. जमिनीवरून जातं, म्हणून सावकाश पोचतं, पण माग काढता येतो. यात एक मेख आहे. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं चालतात, त्यावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव हवं. नियतकालिकं आणि जाहिरातींनी भरलेलं छापील साहित्य चालत नाही. म्हणजे आपला दिवाळी अंक बाद! पैठणी, दागिने आणि बँकांच्या जाहिराती काढल्या तर दिवाळी अंकात उरतं काय, हा वेगळा विषय. अंक मी दुसऱ्या मार्गाने पाठवते. आणि दर बघा, पाच किलोला शंभर. म्हणून मी ग्राहकाला सांगते, एक पुस्तक आज मागवू नका, चार निवडा, मी महिनाभर बाजूला ठेवते. त्यांचं भाडं वाचतं, माझा पुठ्ठा वाचतो, आणि खरं सांगायचं तर चारची सहा होतात.

आता जिथे सगळ्यात जास्त पैसा बुडतो तिकडे येते. परत आलेलं पार्सल. माल दारात आल्यावर पैसे देण्याची पद्धत आपल्याला नवी वाटते, पण ती व्ही.पी.चं नातवंड आहे. व्ही.पी. म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन पार्सल ताब्यात घ्यायची पोस्टाची सोय, आपल्याकडे ती १८७७ मध्ये सुरू झाली. माझे आजोबा पुण्याहून पुस्तकं व्ही.पी.ने मागवायचे, पोस्टमन आला की आजी डब्यातून पैसे काढून ‘व्ही.पी. सोडवून’ घ्यायची. सोडवून घेणं! जामिनावर सोडवल्यासारखं. तेव्हाही लोक न सोडवता परत पाठवायचे, आणि विकणारे कपाळाला हात लावायचे. आज तेच. समजा जायला ८० रुपये लागले, ग्राहकाने दार उघडलं नाही, तर यायलाही तेवढ्याच घरात लागतात. एकशे साठ गेले आणि चकलीचा भुगा परत आला. एका परतीची भरपाई करायला किती पाकिटं विकावी लागतात, ते घरी कागदावर मांडा.

मी काय करते? नव्या ग्राहकाकडून शंभर रुपये आधी घेते, यूपीआयने. उरलेले दारात. शंभर रुपये दिलेला माणूस दार उघडतो. आणि बांधायच्या आधी व्हॉट्सॲपवर पत्ता पुन्हा लिहून पाठवते, ‘बरोबर आहे का’. निम्म्या वेळा पिनकोड चुकलेला असतो.

पिनकोडची थट्टा करू नका, तो आपल्या माणसाने दिलाय. श्रीराम भिकाजी वेलणकर, कोकणातले, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांनी ही पद्धत आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा, चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, पेठ वडगाव. ग्राहक नुसतं ‘वडगाव’ लिहितो आणि निर्धास्त झोपतो. सहा आकडे चुकले की पार्सल महाराष्ट्रदर्शन करून येतं.

वजनाच्या भांडणाबद्दल एक अनुभव. एकदा माझ्या सातशे ग्रॅमच्या पार्सलाचं अडीच किलोचं बिल आलं. माझ्याकडे पुरावा काही नव्हता, पैसे कापले गेले. तेव्हापासून प्रत्येक पार्सल काट्यावर ठेवून, शेजारी मोजपट्टी लावून, पत्त्याची चिठ्ठी दिसेल असा फोटो काढते. दहा सेकंदांचं काम. पुढे असं दोनदा झालं, फोटो लावून तक्रार केली, दोन्ही वेळा पैसे परत आले.

परदेशाचा प्रश्न चिठ्ठीवर आलाय. फराळ अमेरिकेला. २०२५ मध्ये ज्यांनी पाठवायचा प्रयत्न केला त्यांना आठवत असेल. तिकडे ८०० डॉलरखालच्या मालाची करसवलत ऑगस्टअखेर गेली, आणि आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन २१ ला. चकली तिथे कधी पोचली असेल ते तुम्हीच ठरवा. परदेशाची ऑर्डर घ्यायच्या आधी त्या आठवड्याचे नियम विचारा, गेल्या वर्षीचे धरून चालू नका.

आणखी एक चिठ्ठी. पणत्या पाठवते, फुटल्या तर भरून कोण देणार? बहुधा कोणी नाही. मातीच्या वस्तूंना भरपाई देताना ‘बांधणी कच्ची होती’ हे उत्तर तयार असतं. पणत्या एकमेकींत बसवा, प्रत्येक दोघींमध्ये कागद, आणि ओळीत कडेवर उभ्या ठेवा, आडव्या नाही. खोका कानाशी धरून हलवा, आवाज आला तर आत जागा आहे. आणि चोवीसची ऑर्डर असेल तर सव्वीस भरा. ग्राहकाला सांगू नका. दोन फुटल्या तर भांडण होत नाही, नाही फुटल्या तर पुढच्या वर्षी तोच माणूस पन्नास मागवतो.

चहा आलाय वाटतं. काटा आणि टेप इथेच आहेत. ज्यांनी पार्सलं आणलीत त्यांनी एकेक करून पुढे या, आधी काकूंची चकली दुसऱ्या खोक्यात भरूया. आणि ती टेप जपून वापरा, माझी आहे.