आथानी कैरी, तथानी कैरी

(दृश्य : कडुनिंबाची आडवी फांदी, तिला बांधलेला दोराचा झोका. दोन मुली उभ्यानं झोका चढवताहेत.)

खानदेशात कुणाही बाईला म्हणा, "माय, आखाजीचं एखादं गाणं म्हण ना." ओठांवर पहिलं येतं ते हेच : आथानी कैरी, तथानी कैरी. या गाण्याला वेगळं नाव नाही. पहिली ओळ हेच त्याचं नाव.

नंदुरबारपासून गुजरात हाकेच्या अंतरावर आहे. गुजरातीत अथाणं म्हणजे लोणचं. त्यामुळे ही लोणच्याची कैरी असेल, असं वाटू शकतं. पण मग 'तथानी'चं काय करायचं? उत्तर खानदेशच्या अहिराणी बोलीतच आहे. आथा म्हणजे इकडे, तथा म्हणजे तिकडे. मराठीत जिथं 'ची' येतं, तिथं अहिराणीत 'नी' येतं. इकडची कैरी, तिकडची कैरी. आता पुन्हा झोक्याकडे बघा. आथा... तथा... आथा... तथा. झोका जसा हलतो, तसंच हे नाव हलतं.

(दृश्य : उंबऱ्याशी घागर, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज. चुलीवर सांजोऱ्या.)

आणि आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तृतीयेची तीज झाली. राजस्थान-गुजरातेत ती आखातीज म्हणून राहिली, आपल्याकडे बोलता बोलता आखाजी झाली. सासरी गेलेली लेक या सणाला माहेरी येते, चैत्रात मांडलेल्या गौराईला निरोप देते आणि झोक्यावर बसून मन मोकळं करते. कार्यक्रमपत्रिकेवर कुणी 'अक्षय्य तृतीयेची गीते' असं छापलं, तर तिथी बरोबर असते, पण त्यातून माहेर निघून जातं. आखाजी म्हटलं की ते परत येतं.

(दृश्य : जातं, पिठानं माखलेला हात.)

आपल्याकडे जात्याला घरोट म्हणतात. संस्कृतातला घरट्ट तो हाच. बहिणाबाई चौधरी याच घरोटावर गायल्या. 1880 साली असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी कागदावर उतरवली ती मुलानं, सोपानदेवांनी, आणि पुस्तक निघालं 1952 साली, त्या गेल्यानंतर. पुस्तकाला शीर्षकं लागतात. दळणाऱ्या बाईला ती लागत नाहीत, कारण हातातलं काम हीच गाण्याची ओळख असते. हे फार जुनं आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वरानं मानसोल्लास ग्रंथात नोंदवलंय की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. ओवीची ओळख सांगताना राजानंही कामच सांगितलं!

(दृश्य : कोनाड्यात मातीची गुलाबाई, शेजारी गुलोजी.)

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली गुलाबाईची गाणी म्हणतात. विदर्भात हीच भुलाबाई, आणि जळगावकडेही हे नाव ऐकू येतं. कुणी म्हणतं, भिल्लिणीचं रूप घेतलेली पार्वती, म्हणून भुलाबाई. मुलींना त्याचं काही नसतं. त्यांचं लक्ष झाकलेल्या डब्यातल्या खाऊकडे असतं, तो ओळखायचा असतो ना!

(दृश्य : श्रावणातला रविवार. चौरंगावर नारळ, डोळे, नथ. रोट.)

श्रावणात पुजतात त्या कानबाई देवीच्या नावात मात्र अख्खा मुलूख गुंतलाय. फारुकी सुलतानांच्या 'खान' या किताबावरून खानदेश, असं एक मत. मूळ कान्हदेश, असं दुसरं. आणि त्याच कान्ह्याची ही कानबाई, असं मानणारे पुष्कळ. मला स्वतःला तिच्या गाण्यांतला कन्हेर, म्हणजे तिचा जोडीदार देव, जास्त महत्त्वाचा वाटतो. कानबाईच्या जोडीला कन्हेर येतोच, आणि नैवेद्याचे रोट करताना बायका ही दोन्ही नावं एका श्वासात घेतात.

(दृश्य : जुना मोबाइल, ऑडिओ फाइलींची यादी.)

माझ्या आजीची तीन गाणी या फोनमध्ये आहेत. रेकॉर्ड केली तेव्हा नाव विचारलं नाही, तारखेनं ठेवून दिली. एकात मागं घरघर ऐकू येते, म्हणून ते घरोटावरचं असावं. उरलेल्या दोहोंतलं झोक्यावरचं कोणतं, ते सांगायला आजी आता नाही.

(आवाज : आजीचं गाणं, तसंच चालू राहतं.)