चावी, तिसऱ्या आणि छप्पर नसलेलं चर्च

श्रोतेहो, नमस्कार.

पोर्तुगालची राजधानी लिस्बन, या शहराशी माझी ओळख एका चावीने झाली. माझी मडगावची मैत्रीण बरीच वर्षं तिथे राहते. जून महिन्यात मी वसईहून आणि आमची तिसरी मैत्रीण साताऱ्याहून, अशा दोघी तिच्याकडे गेलो. दारातच तिने माझ्या हातावर चावी ठेवली आणि म्हणाली, "धर, ही तुझी शाव." पोर्तुगीज माणूस आज चावीला 'शाव' म्हणतो. पण चार-पाचशे वर्षांपूर्वी त्याच शब्दाची सुरुवात तिथेही 'च' अशीच व्हायची. पुढे लिस्बनच्या बोलण्यातून तो 'च' गेला. आपल्या किनाऱ्याने मात्र जसा ऐकला तसा ठेवला. आपण रोज चावी म्हणतो तेव्हा लिस्बनच्या जुन्या माणसांचा उच्चार आपल्या तोंडी असतो. मला हे इतकं आवडलं, की दिवसभर मी ती चावी मुठीतच धरून फिरले.

तिघींना मिळून पूर्ण दिवस मिळाला तो शनिवारचा. सकाळी पंधरा नंबरच्या ट्रामने बेलेंला गेलो. हा शहराचा पश्चिमेकडचा, तेजो नदीकाठचा भाग. इथून गलबतं निघायची. तिथली पहिली ओढ पोटाची होती, म्हणून आधी निळ्या-पांढऱ्या टाइल्सच्या त्या जुन्या दुकानात शिरलो. हाताच्या तळव्यात मावेल एवढी, अंड्याच्या पिवळ्या बलकाची गोड वाटी. वरचे पापुद्रे थेट आपल्या इराणी बेकरीतल्या खारीसारखे, आत मऊ, गरम सारण. वरून दालचिनी भुरभुरायची. असं सांगतात, की मठांमधून कपड्यांना खळ करायला अंड्यांचा पांढरा भाग वापरायचे, मग उरलेल्या बलकाचं करायचं काय? साखर घालून गोड पदार्थ. 1834 मध्ये सरकारने मठ बंद केले आणि 1837 पासून ही मिठाई या दुकानात मिळू लागली. साताऱ्याच्या मैत्रिणीने चार खाल्ल्या आणि दालचिनीची डबी आपल्यापुढे ओढून घेतली.

शेजारीच जेरोनिमुश मठ. 1501 मध्ये बांधायला घेतलेला. फिकट चुनखडीच्या दगडात दोरखंड, गाठी, पोवळी, समुद्रातल्या वनस्पती कोरल्या आहेत. कोरीव कामावरून नजर हलत नाही. पण मडगावच्या मैत्रिणीने हळूच सांगितलं, "यातला बराच पैसा मिरीचा आहे." आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर पाच टक्के कर होता, तो या बांधकामाला जायचा. आत शिरताच वास्को द गामाची समाधी. तो 1524 मध्ये कोचीला वारला, तिथेच पुरला, पुढे 1539 मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. समाधीवर दगडी माणूस हात जोडून निजलेला. मी तिथे उभी होते आणि मला 1502 आठवत होतं. त्या सफरीत याच माणसाने हजच्या यात्रेकरूंनी भरलेलं जहाज बायका-मुलांसह जाळलं. मला हात जोडवले नाहीत. कारागिरांचं काम मात्र मी डोळे भरून पाहिलं. त्या छिन्नीवर माझा काहीच राग नाही.

दुपारी शहराच्या मध्यभागी एका छोट्या खानावळीत जेवलो. बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह आणि चीज टेबलावर आलं. खाल्लं तर त्याचे पैसे लागतात, नको असेल तर परत न्यायला सांगायचं, ही तिथली रीत आहे. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. मग सूप आलं. बटाट्याचं दाटसर पाणी आणि त्यात कोबीच्या जातीतल्या हिरव्या पानांचा अगदी बारीक कीस. मडगावची मैत्रीण पोर्तुगीजमध्ये सांगत होती आणि मला कळत होतं: पाव तो पांव, बटाटा तो बताता, कोबी ती कोव. साताऱ्याची मैत्रीण मांस-मासे खात नाही, तिच्या सुपातून चोरीसाची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती आधीच काढायला सांगितली होती. चोरीस हा शब्द गोव्यातही तोच.

आणि मग आल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे छोटे शिंपले. होय, तिसऱ्याच! ऑलिव्हचं तेल, भरपूर लसूण, पांढरी वाइन, वरून लिंबू आणि मूठभर कोथिंबीर. युरोपात इतरत्र कोथिंबीर फारशी दिसत नाही, पोर्तुगीज स्वयंपाकात ती हक्काने असते. झाकण काढल्यावर आलेल्या वासाने मी क्षणभर आईच्या ओट्याशी पोचले. खोबरं नव्हतं, तिखट नव्हतं, तरी ताट माझं होतं. शिंपल्याने रस ओढून प्यायला मी कुणाची परवानगी घेतली नाही. सोबत बाकल्याव होता, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड. हा मासा त्यांच्या किनाऱ्यावर मिळत नाही. शतकानुशतकं उत्तर अटलांटिकच्या थंड समुद्रातून येतो, एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो. सुक्या बोंबलाच्या घरात वाढलेल्या बाईला त्या भिजवण्याचं महत्त्व सांगावं लागत नाही.

जेवून टेकडीवरच्या कार्मु चर्चमध्ये गेलो. या जागेबद्दल मला आज तुमच्याशी सगळ्यात जास्त बोलायचं आहे. 1 नोव्हेंबर 1755, सगळ्या संतांचा सण. सकाळी चर्च माणसांनी भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप झाला. लोक नदीकडे धावले, तर समुद्राच्या लाटा आत आल्या. मग आगी लागल्या, त्या कित्येक दिवस विझल्या नाहीत. कार्मुचं छप्पर कोसळलं, ते पुन्हा घातलंच नाही. आज दोन्ही बाजूंना दगडी खांब, वर नुसत्या कमानी आणि त्यांच्या मधून निळंभोर आकाश. खाली गवत.

मी आत पाऊल टाकलं आणि थांबले. हे मी पाहिलेलं होतं. आमच्या वसईच्या किल्ल्यात अशीच चर्च आहेत. छप्पर नसलेली, भिंतींतून झाडं उगवलेली. शाळेतून सहलीला गेलो की त्यांच्या सावलीत आम्ही डबे उघडायचो. 1534 पासून 1739 पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पांनी ती घेतली, तिथल्या घंटा भीमाशंकरला, मेणवलीला देवळांत गेल्या. त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनी ज्यांची सत्ता होती त्यांची राजधानीच उद्ध्वस्त झाली. मला यात कसलाही हिशेब दिसत नाही. त्या सकाळी मेणबत्ती लावायला आलेल्या बाईचा वसईशी काय संबंध? मी त्या गवतावर बसून तिच्यासाठी थोडं रडले. मैत्रिणी जवळ येऊन नुसत्या बसल्या.

अठ्ठावीस नंबरच्या पिवळ्या लाकडी ट्रामने वळणं घेत आल्फामा या जुन्या वस्तीत उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. जून म्हणजे लिस्बनच्याच संत अँथनीच्या सणाचा महिना. गल्लीगल्लीत कागदी पताका, दारादारात शेगड्या, त्यावर तारलीच्या जातीचे मासे, नुसतं जाडं मीठ लावून. भाजलेला मासा पावाच्या तुकडीवर ठेवून देतात. मासा संपेपर्यंत त्याचं सगळं तेल पावात उतरलेलं असतं आणि तो शेवटचा घास खरा.

त्या सणाला एक छोटं रोप भेट देतात. मांझेरिकु त्याचं नाव, आपल्या सब्जाच्या जातीचं, अगदी गोल, वर कागदाचं फूल आणि प्रेमाच्या चार ओळी. मी वाकून वास घ्यायला गेले, तर शेगडीजवळच्या म्हाताऱ्या बाईने घाईने हाताने अडवलं. नाक लावलं तर रोप सुकतं, असं तिथे मानतात. तिने माझा हात धरला, तळवा पानांवरून अलगद फिरवला आणि तोच तळवा माझ्या नाकाशी आणला. आमच्या अंगणातल्या तुळशीला संध्याकाळी पाणी घालून घरात आलेल्या माझ्या आजीच्या हाताला जवळजवळ असाच वास यायचा.